मोहाला नंबर पडले तो चैत

मोहाचा वास आता आमच्या मोहल्ल्यात यायचं काही कारण नाही. तलावाच्या या काठाला मोहाचं एकही झाड उरलेलं नाही. तरी चैत लागला की पहाटे माझी बायको पार्बता अंथरुणात उठून बसते, नाक वर करते आणि म्हणते, "आला वो."

मी म्हणतो, "काई आला नाई. पल्याडच्या जंगलातून वारा येऊन राह्यला."

ती ऐकत नाही. मीही तिचं आजवर कधी ऐकलेलं नाही. पण वास मलाही येतो. गोड, जड, जरासा आंबूस.

यंदा त्यात दुसरा एक वास मिसळला आहे, ऑइल पेंटचा. परवा नगरपरिषदेचा माणूस लाल रंगाचा डबा घेऊन आला आणि तलावाच्या पाळीवरच्या आमच्या ढिवरांच्या, मासे धरणाऱ्यांच्या, ओळीत दारोदार आकडे टाकून गेला. माझ्या दारावर अकरा. माझी सून मंगला, तिने त्याला बसायला पाट दिला, चहा पाजला. तो गेल्यावर आकड्याखाली हळदीकुंकवाची बोटं ओढली आणि मला म्हणाली, "मामाजी, आता आपलं घर पक्कं झालं."

मी बोललो नाही. मी गप्प राहणारा माणूस नाही, हे ती जाणून आहे. म्हणून तिने पदराला हात पुसत दोनदा माझ्याकडे पाहिलं.

हे घर जाणार आहे. मला कोणी तसं सांगितलेलं नाही, पण मला कळलं आहे. या घरात माझा बाप गेला, माझी पोरं झाली. मागच्या दारातून उतरलं की पाय थेट पाण्यात. खांद्यावर जाळं टाकून दुसऱ्या कुठल्या दारातून निघायचं, हे या वयात मला शिकायचं नाही. मी चौथीपर्यंत शिकलो. अक्षर मात्र चांगलं आहे. फळ्यावर तारीख टाकायला गुरुजी मलाच उठवायचे. म्हणून लिहितो आहे. वाचणाऱ्याने वाचावं, नाहीतर ठेवून द्यावं.

नंबर ही काय चीज आहे, हे पक्क्या घरात जन्मलेल्या माणसाला कळायचं नाही. आमची वस्ती सरकारी जागेवरची. बापाने कुडाच्या भिंती घातल्या तेव्हा विचारायला कोणी आलं नाही. पुढे सडक रुंद झाली. त्या वेळी सडकेकडची बिननंबरची घरं एका दिवसात भुईसपाट झाली आणि ज्यांच्या दारावर ग्रामपंचायतीचा नंबर होता ती उभी राहिली. आमच्या दारावर नंबर पडला, तेव्हापासून माझी माय जाता-येता त्याला हात जोडायची. नंबर पडला म्हणून रेशनचं कार्ड मिळालं, कार्ड मिळालं म्हणून विजेचं मीटर आलं. आमच्याकडे मासोळी रांधायची ती दिवस बुडाल्यावरच. पहिला बल्ब लागला त्या संध्याकाळी पार्बताने मरळीच्या रश्शात डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "अवो बाई, हा एवढा लाल असते?" चुलीच्या जाळाजवळ तिने तो आजवर काळाच पाहिला होता.

ज्याला नंबर पडला तो मोजण्यात आला, आणि जो मोजण्यात आला त्याला कोणी हात लावत नाही. हा आमचा समज होता. कोणी शिकवलेला नव्हता. भिंती उभ्या राहिलेल्या पाहून झालेला होता.

मग तो चैत आला. त्याला आता बरीच वर्षं झाली.

गाव वाढत होतं, हे खोटं नाही. चंद्रपूर, भद्रावतीकडची माणसं येऊन प्लॉट घेत होती. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली, पण कचेरी तीच, कौलारू दोन खोल्यांची. पावसात बाबू लोक कपाटांवर पोती टाकायचे. माझ्या नातीचा जन्मदाखला काढायला मंगला ओली बाळंतीण, डोक्याला फडकं बांधून उन्हात उभी राहिली होती. आत उभं राहायला जागा नव्हती. तेव्हा नवी इमारत पाहिजे, असं चौकात मीही बोललो होतो आणि आजही बोलेन. माणसाला दाखला काढायला सावली पाहिजे.

जागा ठरली ती तलावामागची. सरकारी दप्तरात त्या जागेचं नाव झुडपी जंगल. म्हणजे धड जंगल नाही, धड शेत नाही. साहेब लोक तिला खाली, म्हणजे रिकामी, जागा म्हणायचे. त्या खाली जागेत पळस होता, बोरी होत्या, टेंभरं होती, मोर होते, एक म्हातारी अस्वलीण होती. आणि मोह होते. एकेका झाडाखाली सगळं घर बसून जेवलं असतं, एवढे मोठे.

मोह कोणी लावत नाही. तो असतो. आमच्यात रीत अशी की फागुनात झाडाखालचा पाचोळा झाडून जो जाळतो, त्याचं ते झाड. बापाने झाडलं तिथे पोरगा झाडतो. कुंपण नाही, खूण नाही, फक्त झाडाखाली जळालेल्या काळ्या जमिनीचा गोल. पहाटे त्या काळ्यावर फुलं पडायची, पिवळट, रसाने फुगलेली, आणि पडताना टप्‌ टप्‌ असा आवाज यायचा, जसं कोणी अंगणात अनवाणी चालत आहे. दुसऱ्याच्या गोलातलं फूल उचलायला कोणाचा हात धजायचा नाही. गोमाजी, माझा शेजारी, माझ्याच वयाचा, याच तलावातला ढिवर, त्याचा आणि माझा एक मोह तेवढा सामाईक होता. अर्धा गोल तो झाडायचा, अर्धा मी. फूल ज्याच्या बाजूला पडेल त्याचं. वारा सुटला की आम्ही एकमेकांकडे संशयाने पाहायचो.

त्या फागुनात रंगवाला आला. कोयत्याने साल तासायची, आतला लालसर गर उघडा करायचा आणि त्यावर आकडा टाकायचा. मी त्याला गाठलं.

"कायले बापा हे?"

"मोजणी हाय."

"कोनाची?"

"दिसत नाई का, बुढा? झाडाची."

बस्स. मला कळायचं ते कळलं. मी मोहल्ल्यात येऊन पाळीवर उभा राहून सांगितलं, "घराची झाली तशी आता झाडाची मोजणी होऊन राह्यली. आपले मोह सरकारच्या वहीत गेले. आता कोनाचा बाप हात लावत नाई." लोकांनी ऐकलं. माझं ऐकायचेच तेव्हा. बायकांनी टोपल्यात नारळ घेतले. ज्याच्या झाडावर नंबर त्याने कुंकू लावलं. बोरीवर, पळसावरही आकडे होते, त्यांना कोणी विचारलं नाही. काही झाडं चुकून सुटली होती, त्यांचे धनी रंगवाल्याच्या मागे फिरले, एकही सुटू दिलं नाही. एका म्हातारीने तर त्याला अंडी दिली आणि आपल्या झाडावर आकडा टाकून घेतला.

गोमाजीचं आणि माझं वाजलं ते सामाईक मोहावरून. आकडा माझ्या बाजूच्या सालीवर पडला होता.

"माह्याकडं तोंड हाय नंबराचं," मी म्हटलं. "झाड माहं."

"तोंड तुह्याकडं असन, बूड कोनाकडं हाय?" गोमाजी म्हणाला. "माह्या बापानं इकून झाडलं तवा तू लंगोटीत मुतत होता."

"तू तं अजून मुतते."

लोक हसले. आम्ही नाही हसलो. त्या सबंध मोसमात आम्ही एकमेकांशी बोललो नाही. एकाच झाडाखाली, पाठीला पाठ लावून, आपापल्या अर्ध्यात वाकून वेचायचो. त्याचा श्वास मला ऐकू यायचा.

आणि मोह असा पडला त्या चैतात! तसा त्याआधी नाही, नंतर तर नाहीच. पहाटे कंदील ठेवायला जागा नसायची. टोपली भरली की पार्बता लुगड्याचा ओचा धरायची, ओचा भरला की मी धोतराचा सोगा. अंगणं भरली, कौलांवर सुकत घातला, मासेमारीचे डोंगे काठावर ओढून त्यांत घातला. कोंबड्या सुकता मोह खाऊन झिंगायच्या आणि एका पायावर उभ्या राहायच्या. पोरांच्या हातापायांना, भाकरीला, जाळ्याला तोच वास. घरोघरी तिळासोबत कुटून लाडू झाले. बाया म्हणत, नंबरामुळे बरकत आली. मला आता वाटतं की झाडाला कुठून तरी खबर लागली होती. गाय खाटकाला द्यायच्या दिवशी जास्त दूध देते, असं मी स्वतः पाहिलं आहे. पार्बता एकदा वेचता वेचता थांबली, वर पाहिलं आणि म्हणाली, "एवढं काऊन देऊन राह्यलं हे?" मी तिला म्हटलं, "देते तं घे." ती पुन्हा वाकली. पण त्या दिवसापासून झाडाखाली तिचं गाणं बंद झालं.

त्याच दिवसांत सडकेच्या कडेला मोठा फ्लेक्स लागला. नव्या इमारतीचं चित्र. पांढरी इमारत, निळ्या काचा, समोर गाड्या, गोरी गोरी माणसं सुटकेससारख्या बॅगा घेऊन चाललेली. झाडंही होती, पण आपल्याकडे न उगवणारी, झाडूसारखी उभी. सगळा मोहल्ला चित्र पाहायला गेला. तलाव सापडला, सडक सापडली. मग जो तो आपलं घर शोधायला लागला.

"आपलं कुठी हाय वो यात?" पार्बताने विचारलं.

पाळीवर, जिथे आमची ओळ, तिथे चित्रात हिरवं गवत होतं आणि एक बाक होता.

"झाडाच्या मागं झाकलं असन," कोणीतरी म्हणालं.

"मागून हाय नं आपलं दार. चित्र समोरून काढलं," दुसरा म्हणाला.

सगळ्यांना पटलं. मंगला तर हसून म्हणाली, "बरं झालं, माही धुणी दिसली असती." आम्ही हसत घरी आलो. त्या बाकाकडे मी दोनदा वळून पाहिलं. का ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

चैत सरायच्या आधीच करवती आल्या. मशीनच्या. झाडावर फूल होतं अजून. पहिला मोह पडला तेव्हा त्याच्यावरची सगळी फुलं एका झटक्यात आसमंतात उडाली आणि मग गारपिटीसारखी, माणसांच्या डोक्यांवर, मशीनवर, साहेबाच्या कागदांवर येऊन पडली. मी ओरडलो. "नंबर हाय त्याले! नंबर हाय!" करवतवाला मशीन थांबवून म्हणाला, "हो नं बाबा. नंबर हाय तेच कापाचे हाय. बिननंबराच्या झाडाले हात लावाचा हुकूम नाई."

मशीन पुन्हा सुरू झालं.

पार्बता माझ्याजवळून पुढे गेली, पडलेल्या झाडापाशी बसली आणि फुलं वेचायला लागली. तिच्यामागे बाकीच्या बायका. कोणी रडलं नाही. साहेब म्हणाला, "बाई, बाजूला व्हा." ती म्हणाली, "पडलं ते उचलून राह्यलो, साहेब. पाडलं तुम्ही."

संध्याकाळी ट्रकवर ओंडके चढले. आकड्याची बाजू बाहेर ठेवून, मोजायला सोपं जावं म्हणून. आमचा सामाईक मोह गेला तेव्हा गोमाजी माझ्या शेजारी येऊन उभा राहिला होता. आकडा दोघांनाही दिसला. कोणीच म्हटलं नाही, माझं आहे म्हणून.

ज्या म्हातारीने अंडी दिली होती ती आठ-पंधरा दिवस दारात बसून रंगवाल्याला शिव्या देत होती. त्याचा काय दोष म्हणा. त्याने मोजणी आहे असं सांगितलं होतं, आणि मोजणीच होती.

पुढच्या चैतात एका सकाळी, सूर्य वर आल्यावर, अस्वलीण आली. इमारतीचे खड्डे खोदलेले होते. ती चुन्याच्या रेघेवरून चालत एका खड्ड्यापाशी गेली, वास घेतला, दुसऱ्यापाशी गेली. मोहाची जागा तिला पायाने माहीत होती. मजूर टिनाच्या शेडवर चढले. ती काही कोणाच्या अंगावर गेली नाही. मधल्या खड्ड्याच्या काठावर मागच्या पायांवर उभी राहिली, माणसासारखी, आणि जिथे फांद्या असायच्या तिकडे तोंड वर करून बराच वेळ पाहत राहिली. मग आमच्या ओळीकडे वळली. दारं लागली. ती एकेका दारापाशी थांबून, नाक लावून, पुढे जात होती. माझ्या दाराला नाक लावलं ते मी आतून ऐकलं. भात्यासारखं. पार्बताने माझा हात धरला होता. मी दुसऱ्या हाताने कडी दाबून धरली होती, जशी काही कडीने अस्वल थांबणार होतं.

त्यानंतर ती कोणाला दिसली नाही.

इमारत झाली. चांगली झाली, खोटं कशाला बोलू. आत पंखे आहेत, बसायला खुर्च्या आहेत, दाखला खिडकीतून मिळतो. फरशी थंड असते. पाणीपट्टी भरायला मी रांगेत उभा राहतो तेव्हा पायाखाली ती थंड फरशी लागते आणि मी अंगठ्याने उगीच ती झाडल्यासारखी करतो. मागचा माणूस म्हणतो, "सरका नं, बाबा."

आता ती इमारतही पुरेनाशी झाली. नगरपंचायतीची नगरपरिषद झाली. नवं सभागृह पाहिजे, आगीच्या गाडीला शेड पाहिजे, गाड्या ठेवायला जागा पाहिजे. मोठ्या गावाला लागतंच. आणि आमच्या दारावर आकडे पडले.

काल मी गेलो होतो विचारायला. खिडकीतला पोरगा भला आहे, मला उठून खुर्ची दिली.

"बाबा, प्लॅन अजून मंजूर व्हाचा हाय," तो म्हणाला.

"मंग नंबर काऊन टाकला?"

"नंबर म्हणजे नुसता नंबर, बाबा. मोजणी हाय."

"कोनाची?"

तो हसला. वाईट हसला नाही. "घरांची," म्हणाला.

मी घरी आलो आणि पुन्हा पाळीवर उभा राहिलो, त्याच जागी. म्हटलं, हे आकडे पुसा, राखेने घासा, खरवडून काढा, आणि सगळे मिळून कचेरीत चला. ऐकायला चार-दोन माणसं आली. एक तरणा पोरगा म्हणाला, "आबा, तवा तुम्हीच म्हनत होते नं, नंबर पडला का हात लावत नाई?"

"म्हनत होतो."

"मंग तवा खोटं होतं का आता खोटं हाय?"

मी त्याला सांगितलं की तेव्हाही मी खरंच बोललो होतो, आकडाच उलटला. तो बाकीच्यांकडे पाहून हसला. मंगला आतून म्हणाली, "मामाजी, घरात या. ऊन लागन." माझा पोरगा सुरेश ऊर्जानगरला ठेकेदाराकडे कामाला आहे, त्याने फोनवर सांगितलं, "बाबा, नंबर पुसू नका. घरकुलाच्या यादीत नाव येईन." पार्बताने मात्र पाण्याचा तांब्या आणि राखुंडी माझ्यापुढे आणून ठेवली. मी एकट्याने माझ्या दारावरचा अकरा घासला. ऑइल पेंट आहे, जात नाही. लाकूड गुलाबी झालं, आकडा दिसतोच.

दिवस मावळायच्या सुमारास गोमाजी आला. त्याचं घर ओळीत शेवटचं, हापशीच्या पलीकडे. त्याच्या दारावर नंबर पडलेला नाही. रंगवाला हापशीपासूनच परत फिरला होता. गोमाजी माझ्या ओट्यावर बसला. आमचं बोलणं पुन्हा सुरू होऊन वर्षं झाली होती, पण तो कधी काही मागायला आला नव्हता.

"भाऊ, तुहं वजन हाय कचेरीत. तुले खुर्ची देते. माहा नंबर राहून गेला, तेवढं सांगून दे."

"गोमा, तू वाचला. हापशीच्या पल्याड जाऊन देवाले नारळ फोड."

"गंमत करू नोको."

"गंमत नाई. आठव नं लेका, मोह कसे गेले."

त्याने माझ्या गुलाबी झालेल्या दाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्याच्या तोंडावर तोच जुना भाव आला, अर्ध्या गोलातला.

"मोहाचा नंबर तुह्याकडं तोंड करून होता," तो म्हणाला. "घराचाही तुलेच पाह्यजे. माह्या नातवंडाईनं काय करावं? बिननंबराचं राहावं?"

"गोमा—"

"राहू दे. पाहतो मी."

तो उठून गेला. मी त्याला हाक मारली नाही. मारायला पाहिजे होती, असं पार्बता म्हणते. मी म्हणतो, त्याने ऐकलं नसतं.

आज सकाळी मी दात घासत बाहेर आलो तर गोमाजी आपल्या दारासमोर मागे सरून, मान तिरपी करून उभा होता. दारावर लाल आकडा. ओळीतला पुढचाच. त्याच्याकडे डोंग्याला लावायचा लाल रंग होता, तो वापरलेला. आकडा वळणदार नव्हता, पण मोठा होता, आम्हा सगळ्यांपेक्षा मोठा. त्याची बायको कुंकवाची वाटी घेऊन उभी होती.

चहाच्या वेळेला कचेरीतून दोघं फीत घेऊन आले. एक साहेब, एक फीत धरणारा. दारं मोजत, कागदावर खुणा करत ते हापशीपर्यंत आले. फीत धरणारा थांबला.

"साहेब, आपली रेघ इथवरच होती नं? हे कसं?"

साहेबाने कागद पाहिला. दार पाहिलं. हापशीपलीकडचं गोमाजीचं अंगण पाहिलं, त्यात एक डोंगा पालथा होता आणि नातवंडं खेळत होती.

"नंबर आहे नं दारावर?"

"हो, आहे."

"मंग आहे," साहेब म्हणाला, आणि त्याने रेघ पुढे ओढली.

गोमाजीने दोघांना आत बोलावलं, पाट मांडले. पाणी द्यायला वळता वळता त्याने हापशीवरून माझ्याकडे पाहिलं आणि छाती काढून हसला.